बर्फाचा खडा हातात घेऊन बघा

दादाने मुंबईतला फ्लॅट सोडला तेव्हा सामानाच्या टेम्पोतून एक फ्रिज गावाला आला. कपाटाएवढा, दोन उभ्या दारांचा. डावीकडे अख्खा फ्रीझर आणि त्याच्या वरच्या कप्प्यात आपोआप बर्फ पाडणारं यंत्र. भांड्यांच्या पेट्यांच्या आधी तो उतरवला, कारण मे महिना होता आणि आमच्या चारही खोल्यांत पाहुणे होते. तारकर्लीच्या अलीकडे आमचं घर. दुपारी किनाऱ्यावरून भाजून आलेला पाहुणा चपला काढायच्या आधी कोकम सरबत मागतो आणि त्यात बर्फ हवाच असतो. (सोलकढीतही बर्फ मागणारे असतात. त्यांच्याशी माझं वेगळं भांडण आहे.)

मुंबईत हे यंत्र रात्रंदिवस खडखड बर्फ पाडायचं म्हणे. आमच्याकडे पहिल्या दिवशी काहीच पडलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डब्यात पाच-सहा तुकडे दिसले. एक उचलला तर बोटांतच मोडला. पातळ, पोकळ, छोट्या करवंटीसारखा. मोडल्यावर आतलं गार पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

तालुक्याच्या गावाहून मेकॅनिक आला. दार उघडलं, टॉर्च मारला, दार लावलं. "आइस मेकर गेला. पूर्ण बदलायला लागेल." त्याने सांगितलेला आकडा ऐकून वहिनी चहा ठेवायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. आई मात्र ओट्यावर बसून म्हणाली, "मुंबयत बरो होतो, हंय येवन बिघाडलो. म्हणजे बिघाड हयचो आसा, तेचो न्हय."

आईला फ्रिजमधलं काही कळत नाही. पण बिघाडाचं निदान तिचंच बरोबर निघालं, आणि ते सिद्ध करायला मला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत जे कळलं ते इथे लिहितोय.

फ्रिज पाणी मोजत नाही, वेळ मोजतो

आपोआप बर्फ पाडणारं यंत्र बाहेरून गूढ वाटतं, आत मात्र कारभार साधा आहे. फ्रिजच्या मागे खालच्या बाजूला पाण्याची बारीक नळी येते. तिथे विजेवर उघडझाप करणारा एक व्हॉल्व्ह असतो. तिथून नळी फ्रिजच्या पाठीवरून वर चढते आणि फ्रीझरच्या मागच्या भिंतीतून आत येऊन ट्रेच्या डोक्यावर थांबते. व्हॉल्व्ह उघडतो, ट्रे भरतो, व्हॉल्व्ह बंद होतो. मग वाट बघायची. ट्रेला चिकटून तापमान ओळखणारा एक सेन्सर बसवलेला असतो. ट्रे शून्याच्या बराच खाली गेला की सेन्सर कळवतो, "झालं." त्यावर मोटर ट्रेला पिळा देते आणि खडे खालच्या डब्यात पडतात. काही फ्रिजांत प्लॅस्टिकच्या ट्रेऐवजी धातूचा साचा असतो. तो पिळता येत नाही, म्हणून त्याच्याखालचा छोटा हीटर क्षणभर तापतो, खडे कडेने सुटतात आणि एक फिरता हात त्यांना बाहेर लोटतो. ट्रे रिकामा झाला की पुन्हा पाणी. दिवसाला अशा आठ-दहा खेपा.

यातली मेख पाणी भरण्यात आहे. बहुतेक घरगुती यंत्रं किती पाणी आलं हे बघतच नाहीत. व्हॉल्व्ह ठरावीक सेकंद उघडा ठेवतात, जुन्या पद्धतीच्या यंत्रांत साधारण सात-आठ सेकंद, आणि तेवढ्यात ट्रे भरला असेल असं गृहीत धरतात. पाण्याला जोर असेल तर भरतोही. जोर नसेल तर ट्रेच्या तळाशी नुसता ओलावा साचतो. थोडं पाणी झपाट्याने गार होतं, सेन्सर फसतो, आत अजून पाणी असताना ट्रे पिळला जातो आणि आपल्या हातात करवंटी येते.

आता जोर किती लागतो? नळीने पाणी घेणाऱ्या फ्रिजच्या पुस्तिकेत तो पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला किती पौंड दाब, या मापात) दिलेला असतो. किमान २० असं बऱ्याच ठिकाणी असतं, काहींना ३० किंवा त्याहूनही जास्त लागतो. टाकीतून उतरणाऱ्या पाण्याचा जोर फक्त उंचीवर ठरतो. टाकी केवढी, पाइप केवढा, याचा स्थिर दाबाशी संबंध नाही. दहा मीटर उंचीला साधारण १४ पीएसआय. म्हणजे २० पीएसआय हवे असतील तर टाकी व्हॉल्व्हच्या वर १४ मीटर पाहिजे. चार-साडेचार मजले.

दादाचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर होता आणि इमारत अठरा मजल्यांची. गच्चीवरची टाकी सहा मजले वर, म्हणजे अठरा मीटर धरा. २५ पीएसआय. बर्फ खडखड पडणारच. आमची टाकी न्हाणीघराच्या स्लॅबवर चिऱ्याचे चार थर रचून ठेवलेली. मी दोरीला दगड बांधून मोजलं: फ्रिजच्या व्हॉल्व्हपासून टाकीच्या तळापर्यंत साडेचार मीटर. जेमतेम सहा पीएसआय. कौलारू घर आणि डोक्यावर एक टाकी असं जिथे जिथे आहे, तिथे तिथे हाच हिशेब निघेल. मेकॅनिकने सांगितलेला नवा आइस मेकर बसवला असता तर त्यानेही नव्याकोऱ्या करवंट्याच पाडल्या असत्या.

खात्री करायची तर प्लग काढा, पाण्याचा कॉक बंद करा, फ्रिज पुढे ओढा आणि मागची नळी व्हॉल्व्हपासून सोडवून बाटलीत धरा. मग कॉक उघडा. आमच्याकडे उंदराच्या शेपटीएवढी धार आली. वाटेत एक फिल्टर होता, मुंबईपासूनचा, कधी बदललेला कोणालाच आठवत नव्हतं. तो काढून पुन्हा धरलं तर धार थोडी सुधारली, पुरेशी नाही. हे फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलायचे असतात. विहिरीचं पाणी असेल तर त्याच्याही आधी. नळी भिंतीला दाबून मुडपलेली नाही ना हेही याच वेळी बघून घ्या. जड फ्रिज मागे लोटताना ती हमखास दबते.

आरओमधून जोडणी दिली की भागेल असं बऱ्याच जणांना वाटतं. भिंतीवरच्या आपल्या नेहमीच्या आरओत शुद्ध झालेलं पाणी थेंब थेंब एका साध्या टाकीत जमतं आणि तिथून नळाला येतं. त्याच्या पुढे जोर म्हणाल तर टाकीपासून नळापर्यंतच्या वीतभर उंचीचा. त्याला फ्रिज जोडणं म्हणजे करवंट्याही मिळायच्या नाहीत. पाणी शुद्ध हवंच, पण त्याला ढकलणारा कोणीतरी हवा.

आम्ही छोटा पंप बसवला. नळीतला दाब पडला की सुरू, दाब भरला की आपोआप बंद. त्याच्या आधी एक गाळणी. सगळा खर्च मेकॅनिकच्या आकड्याच्या पावभागसुद्धा झाला नाही.

उघाडीची झडप

पंप लावल्यावर खडे भरीव झाले. चार दिवस आनंदात गेले. पाचव्या दिवशी डबा ओढला तर आत एकच भला मोठा गठ्ठा, खडे एकमेकांना चिकटून चिऱ्यासारखे झालेले. वहिनीने तो वरवंट्याने फोडला.

हा आजार कळायला व्हॉल्व्हच्या आत डोकावावं लागतं, आणि कोकणातल्या माणसाला तो समजावणं सोपं आहे. खाडीकाठच्या खारबांधाला, म्हणजे शेतात खारं पाणी येऊ नये म्हणून घातलेल्या बांधाला, पाणी बाहेर जायची एक वाट ठेवलेली असते, ती उघाडी. तिची झडप ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते आणि भरतीला समुद्राच्याच दाबाने बंद होते. जोराची भरती असेल तर झडप घट्ट बसते. पाणी अर्धवट चढलेलं असेल किंवा फटीत काटकी अडकली असेल तर खारं पाणी झिरपत राहतं. फ्रिजच्या व्हॉल्व्हमध्ये रबराचा पातळ पडदा असतो, त्याचंही तेच. विजेची कॉइल फक्त एक बारीकसं भोक उघडते आणि बंद करते. पडदा उचलायचं आणि परत घट्ट दाबून बसवायचं काम पाण्याचा दाब करतो. दाब कमी असेल तर पडदा नीट बसत नाही. बारीक वाळूचा एखादा कण खाली सापडला तर दाब असूनही बसत नाही. मग व्हॉल्व्ह "बंद" असतानाही थेंब थेंब पाणी वर जात राहतं. भरलेल्या ट्रेवरून सांडतं, डब्यातल्या खड्यांवर पडतं आणि त्यांचा गठ्ठा होतो. नाहीतर नळीच्या तोंडाशीच गोठून तिला बूच बसतं. दुसरा प्रकार झाला की बर्फ पूर्ण थांबतो आणि आपण पुन्हा आइस मेकरला शिव्या देतो.

आमच्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेल्या बोटाच्या पेराएवढ्या जाळीत तांबूस गाळ बसला होता. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी, त्यात लोह, आणि वर टाकीच्या तळाचं शेवाळ. जाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ झाली, पण पडद्याला मुंबईपासूनच चर पडला होता. व्हॉल्व्हच बदलला. हा भाग स्वस्त असतो, सहज मिळतो आणि दोन स्क्रू काढता येणाऱ्या कोणालाही बदलता येतो. अट एकच, प्लग काढलेला हवा. प्लग काढल्यावरही ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून हे काम करू नये.

नळीला बसलेलं बर्फाचं बूच काढायला केस वाळवायचा ड्रायर मंद ठेवून लांबून फिरवा, किंवा कोमट पाणी सिरिंजने थोडं थोडं सोडा. सुरी, स्क्रूड्रायव्हर, उलथनं यातलं काहीही नको. फ्रीझरच्या भिंतीमागे गारवा देणाऱ्या गॅसच्या नळ्या असतात आणि हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रिजांत जो आर-६००ए नावाचा गॅस भरतात तो आयसोब्युटेन आहे, म्हणजे ज्वलनशील. प्रमाण थोडं असतं हे खरं. तरीही सुरी लागून "फुस्स" असा आवाज आला तर खिडक्या उघडा, त्या खोलीतलं कुठलंही बटण चालू-बंद करू नका आणि शेजारी गॅसची शेगडी पेटलेली असेल तर आधी ती बंद करा. जुन्या एकदारी फ्रिजचा बर्फ सुरीने खरवडण्यात आमची अख्खी पिढी वाढली. त्या सवयीने किती फ्रिज मेले असतील ते देव जाणे.

खडा काय सांगतो

म्हणून माझं म्हणणं असं की यंत्राला हात लावायच्या आधी बर्फाचा खडा हातात घेऊन बघावा. बिघाड कुठे असेल याचा अंदाज त्याच्यावरूनच येतो. पोकळ किंवा चपटा खडा असेल तर पाण्याचा जोर बघा. गठ्ठा झाला असेल तर व्हॉल्व्ह ठिबकतोय, नाहीतर दार उघडं राहून बर्फ अर्धा वितळून पुन्हा गोठलाय. खड्यांवर भुसभुशीत पांढरी लव आली असेल तर बाहेरची दमट हवा आत शिरतेय. त्यासाठी दाराच्या रबराला दहाची नोट लावून दार बंद करा आणि नोट ओढून बघा. विनासायास बाहेर आली तर त्या जागी रबर सैल आहे. साबणाच्या कोमट पाण्याने पुसून, चिकटलेला मळ काढून बऱ्याचदा काम भागतं.

खडे जुने, कडा झिजलेले, आकसलेले असतील तर यंत्राचा दोष नाही, ते नुसते पडून राहिलेत. गोठलेला बर्फही हळूहळू हवेत विरतो. आणि बर्फ वास शोषतो. पावसाळी मासेमारीबंदीच्या आधी बांगडे-सुरमई फ्रीझरमध्ये ठासून भरणाऱ्या घरात सरबताला कसला वास येतो हे मी लिहायला नको. मासे झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि वापर नसेल तेव्हा डब्यातला जुना बर्फ ओतून टाकावा. तुळशीत नव्हे, मोरीत.

मधोमध पांढरा, कडेने पारदर्शक खडा मात्र अगदी निरोगी असतो. मालवणात काय किंवा हर्णे, मिरकरवाड्याला काय, बंदरावर होड्यांसाठी येणारी बर्फाची लादी काचेसारखी असते आणि आपला खडा दुधाळ. "आमच्या पाण्यात काहीतरी आहे" असं लगेच वाटतं. पाण्यात असतंच, हवा आणि क्षार. गोठताना पाणी त्यांना आत आत ढकलतं. ट्रेमधलं पाणी सगळ्या बाजूंनी गोठत येतं, म्हणून हा कचरा मध्यभागी कोंडला जातो. कारखान्यात पाण्याचे उंच डबे मिठाच्या गार पाण्यात बुडवतात आणि गोठत असताना डब्यातून हवेचे बुडबुडे सोडतात, त्यामुळे पाणी हलत राहतं आणि बारीक हवा बर्फात अडकत नाही. शेवटी मधलं क्षारांचं पाणी काढून टाकून तिथे ताजं भरता येतं. लादीचा पारदर्शकपणा हलवण्यातून येतो. ते पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे त्यावरून कळत नाही.

दुधाळपणाबरोबर खडा मऊ, ओलसर लागत असेल आणि चव मचूळ असेल तर विहिरीत खाडी शिरली असेल. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरींचं असं होतं. समुद्राचं पाणी उणे दोनच्या जरासं अलीकडे गोठायला लागतं, आणि मीठ मिसळलेल्या पाण्यात खड्याच्या पोटातलं क्षाराचं पाणी बराच वेळ ओलंच राहतं. यावर फ्रिजमध्ये उपाय नाही. पिण्याचं वेगळं पाणी आणता तेच फ्रिजलाही द्यायचं.

गारवा कमी पडतोय का

खडे आकाराने ठीक आहेत पण दिवसाला एकच खेप पडते, अशी तक्रार असेल तर गारव्याकडे वळा. फ्रीझर उणे १८ अंशांना असायला हवा. थर्मामीटर नसेल तर आइस्क्रीमचा डबा बघा. चमचा सहज रुतला तर आत पुरेसा गारवा नाही.

वहिनीला वाटायचं, काळी टाकी उन्हात तापते म्हणून बर्फ उशिरा होतो. मी हिशेब करून बघितला. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून शून्यावर आणायला ३० कॅलरी उष्णता काढावी लागते. शून्याचं पाणी शून्याच्याच बर्फात बदलायला ८० कॅलरी. त्यापुढे उणे १८ पर्यंत जायला आणखी नऊ. एकूण ११९. पाणी ४० अंशांचं असेल तर १२९. म्हणजे तापलेल्या टाकीमुळे फ्रिजचं काम फार तर आठ-नऊ टक्के वाढतं. खरं ओझं मधल्या ८० चं आहे आणि ते गार पाणी घातलं तरी टळत नाही. फ्रिजचा श्वास कुठे कोंडतो ते बघणं जास्त फायद्याचं. काढलेली उष्णता त्याला बाहेर टाकायची असते, आणि आम्ही त्याला दोन भिंतींच्या कोपऱ्यात, भाताच्या कणगीला खेटून उभा केला होता. चार बोटं पुढे ओढला आणि मागची धूळ झाडली, त्याने बराच फरक पडला.

एक खूण मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आमच्याकडे बरेच दिवस वीज नव्हती. तेव्हा जुना फ्रिज होता आणि तो महिनाभर कुरकुरत होता, वरचा फ्रीझर कसाबसा गार, खालचं दूध नासतंय. वीज आली आणि फ्रिज नव्यासारखा चालायला लागला. आई म्हणाली, विश्रांती मिळाली. दोन आठवड्यांनी परत जैसे थे. तेव्हा कळलं नाही, आता कळतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये गारवा तयार करणाऱ्या नळ्या मागच्या पत्र्याआड असतात. त्यांच्यावर दव गोठत जातं आणि ते वितळवायला दिवसातून एक-दोनदा छोटा हीटर लागतो. तो हीटर किंवा त्याचा सेन्सर मेला की नळ्यांवर बर्फाची भिंत चढते, पंख्याची वाट बंद होते आणि गारवा पत्र्यामागेच अडकून राहतो. अनेक दिवस वीज गेल्यावर ती भिंत आपोआप वितळते आणि फ्रिज "बरा" होतो, पुन्हा भिंत चढेपर्यंत. म्हणून मेकॅनिकला फोन करताना "लाइट जाऊन आली की चांगला चालतो" हे वाक्य नक्की सांगा. शहाणा मेकॅनिक ते ऐकूनच योग्य भाग पिशवीत घालून येईल. आमच्या दमट हवेत हा आजार लवकर जोर धरतो.

विजेचं म्हणाल तर व्होल्टेज हा स्वतंत्र छळ. संध्याकाळी अख्खी वाडी पंप लावते आणि दिवे पिवळे पडतात. तेव्हा कॉम्प्रेसर घुमतो पण उचलत नाही, आणि व्हॉल्व्हची कॉइलही अशक्तपणे ओढते. स्टॅबिलायझर लावावा, त्यात कंजुसी नको. खाऱ्या हवेने जोडण्यांवर हिरवा-पांढरा गंज चढतो. मागचं झाकण काढलं की तो दिसतो. आणि सर्किट बोर्डावर ऊब असते म्हणून पाल जाऊन बसते. बोर्डावरच्या दोन जोडांना एकदम चिकटून ती स्वतः मरते आणि बोर्डही मारते. हे विनोद म्हणून सांगत नाही, आमच्या शेजारी झालंय. झाकणाच्या फटीला बारीक जाळी लावता येते, हवा मात्र अडता कामा नये.

ज्यांच्याकडे नळीचा फ्रिज नाही, हाताने कळ फिरवून खडे पाडायचा ट्रे आहे, त्यांना यातलं निम्मं लागूच नाही. त्यांचा ट्रे अडला तर बहुतेक वेळा तो काठोकाठ भरलेला असतो आणि खडे वरून एकमेकांना जोडलेले असतात. काठापासून थोडं कमी भरा. तळाला पांढरे क्षार बसले असतील तर ट्रे लिंबाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. पिळून पिळून बारीक तडा गेला असेल तर नवा आणा, चिकटवत बसू नका.

मेकॅनिक गाठण्याआधीची शेवटची चाचणी. बऱ्याच यंत्रांना खालून किंवा पुढून एक छोटं बटण असतं. खाली डबा ठेवून ते तीन-चार सेकंद दाबून धरलं की ट्रे फिरतो आणि मग पाणी भरतं. ट्रे फिरला आणि पाणीही आलं तर यंत्र जिवंत आहे, दोष गारव्यात किंवा पाण्याच्या जोरात. फिरला पण पाणी आलं नाही तर व्हॉल्व्ह, नळी, फिल्टर. फिरलाच नाही तर मोटर किंवा बोर्ड, आणि तिथे मी हात टेकतो. कोणतीही दुरुस्ती केल्यावर चोवीस तास तरी धीर धरायचा आणि पहिल्या दोन-तीन खेपा फेकायच्या. त्यांत नळीची चव असते.

बटण दाबण्याच्याही आधी बघायची एक गोष्ट राहिली, आणि ती मी स्वतःच विसरलो होतो. डब्याच्या वर एक तारेचा किंवा प्लॅस्टिकचा हात असतो. डबा भरला की खडे त्याला वर उचलतात आणि यंत्र समजतं, पुरे. काही फ्रिजांत हाताऐवजी प्रकाशाचा डोळा असतो आणि त्याच्यासमोर दव साचलं तरी तो फसतो. हात वर म्हणजे यंत्र बंद. मग तो कोणीही वर केलेला असो.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी घरात तीस माणसं होती आणि बर्फ थांबला. दादाने मुंबईच्या कुठल्याशा कस्टमर केअरला फोन लावला, मी मागे जाऊन नळी सोडवली, पंप ऐकला, व्होल्टेज मोजलं, गाळणी धुतली. सगळं ठीक. तासभर आमचं हे चाललं होतं. आई मोदकांसाठी खवलेला नारळ घ्यायला आली, तिने फ्रीझर उघडला आणि बर्फाच्या डब्यावर आडवी कोंबलेली नारळाची पिशवी बाहेर ओढली. हात टक्कन खाली पडला.

"ही हंय कोणी ठेवल्यान?" तिने विचारलं. वहिनी गॅसकडे बघत राहिली.

रात्री भजन रंगात आलं होतं. अभंग वरच्या पट्टीत गेला आणि नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरातून खडखड ऐकू आली. आईने टाळ थांबवला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.